खडकावरची चकती

रत्नागिरीजवळ मिऱ्याच्या खडकांवर उतरायचं तर आधी पंचांग बघावं लागतं. अमावास्या-पौर्णिमेच्या उधाणात ओहोटीचं पाणी खूप मागे सरतं आणि एरवी बुडालेला एक तपकिरी पट्टा उघडा पडतो. तो सरगॅसमचा. पाऊस सरला की हे शेवाळ वाढीला लागतं, थंडीत हात-दीड हात लांब होतं, आणि उन्हाळ्याच्या तोंडाशी फांद्या तुटून किनाऱ्याला लागतात.

हातात घेतलं तर कुणीही झाडच म्हणेल. दांडा, फांद्या, मधोमध शीर असलेली दातेरी पानं, पानांच्या बगलेत मिरीएवढ्या गोट्या. गोट्यांत वायू भरलेला असतो. त्यांच्या जोरावर फांद्या पाण्यात उजेडाकडे उभ्या राहतात. पुनरुत्पादनाचे अवयव वेगळे. बारीक, गाठाळ तुऱ्यांसारखे, आणि हंगाम भरात आल्यावरच दिसणारे. तळाची चकती फक्त खडक धरून ठेवते. पाणी आणि क्षार सगळं अंगच शोषून घेतं. इतकं झाडासारखं असूनही याचं जवळचं नातं झाडांशी नाही, डोळ्यांना न दिसणाऱ्या डायटमशी आहे. विद्यार्थ्यांना मी एक पान गरम पाण्यात बुडवायला लावते. तपकिरी रंग उतरतो आणि खालचं हिरवं हरितद्रव्य दिसू लागतं. ते पाहताना आजही माझा श्वास क्षणभर थांबतो.

लिनीयसने 1753 साली सरगॅसम फ्यूकसमध्ये घातलं होतं. 1820 मध्ये स्वीडनच्या कार्ल आगार्डने त्याची वेगळी प्रजाती केली, आणि आपल्याकडे मिळणाऱ्या सिनेरियम व टेनेरिमम या जातींची नावं त्याच्या मुलाने, याकोबने, 1848 मध्ये दिली. तिसरी नेहमी भेटणारी जात इलिसिफोलियम. काटेरी कडांच्या पानांसाठीचा हा लॅटिन शब्द आपल्या खाडीकाठच्या मारांडीच्या शास्त्रीय नावातही आहे. मारांडीचं पान पाहिलेल्या रत्नागिरीकराला तो समजावून सांगावा लागत नाही.

पण पानावरून नाव ठरवणं फसवं. सुरुवातीच्या वर्षांत मी एकाच खडकावरून दोन तुकडे आणले. एकाची पानं रुंद, जाड. दुसऱ्याची अरुंद, नाजूक. ट्रेमधल्या पाण्यात कागदावर पसरले, वर मलमल घातली, टीपकागद रोज बदलले, वाळल्यावर दोन जातींची दोन नावं लिहिली. पुढच्या हंगामात त्याच खडकावरून एक आख्खं शेवाळ काढलं. तळाशी रुंद पानं, शेंड्याकडे अरुंद. मी एकाच जातीचे खालचे आणि वरचे तुकडे दोन नावांनी जपून ठेवले होते. जुन्या अभ्यासकांनाही या पानांनी असंच चकवलं. एका जातीला अनेक नावं पडली, आणि आता जनुकीय तपासणीनंतर त्यातली कित्येक एकत्र होत आहेत.

म्हणून नमुना हवा तो चकतीपासून शेंड्यापर्यंत, गोट्या आणि तुऱ्यांसकट. माझी खरी अडचण इथेच सुरू होते. फांद्या गळाल्या तरी चकती आणि आखूड दांडा खडकावर टिकू शकतात, आणि पावसानंतर त्यातूनच नव्या फांद्या फुटतात. नाव पक्कं करण्यासाठी मी जे खरवडून काढते, तेच पुढच्या वर्षाचं बी-भांडवल. एका खडकावरून एकच आख्खं शेवाळ घ्यायचं, बाकीच्यांचे शेंडे आणि तुरे कापून आणायचे, असा नेम मी करून घेतला आहे. त्यामुळे बऱ्याच कागदांवर नुसतं ‘सरगॅसम’ लिहिलेलं असतं आणि पुढची जागा पेन्सिलीसाठी मोकळी. कपाट उघडणारे विद्यार्थी विचारतात, हे अर्धवट का? मी त्यांना पुढच्या अमावास्येची ओहोटी किती वाजता आहे ते बघायला सांगते.