एकच मजकूर, तीन ठिकाणी

सांगलीतील आमच्या हळदीच्या अडत दुकानाच्या आठवणी आप्पांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, सुमारे वीस वर्षे सवडीने सांगितल्या व इतरांकडून लिहवून घेतल्या. प्रारंभी एका टंकलेखकाकडून, पुढे धाकट्या भावाकडून आणि अलीकडे माझ्या पुतणीकडून. यंदा दिवाळीला त्यांचे पुस्तक करावे असे ठरले, तेव्हा साऱ्या फायली मी वर्डमध्ये एकत्र केल्या. २१४ पाने झाली. पुतणीने ती चाळली आणि म्हणाली, "काका, हे मी मघाशीच वाचले की!"

एखादी रक्कम दोनदा खतावली गेली तर ताळा जुळत नाही आणि चूक आपोआप हाती लागते. गद्याला तसा ताळा नसतो. दीडशेव्या पानावरचे वाक्य चाळिसाव्या पानावर येऊन गेले की नाही, हे स्मरणाने सांगणे मला शक्य नव्हते.

प्रथम मी फाइलीची एक प्रत काढली आणि त्या प्रतीतील सारे परिच्छेद अकारविल्हे लावले. ही सोय वर्डमध्ये आहे, हे मला पुतणीने दाखविले. क्रम सारा विस्कटतो, म्हणूनच हे मूळ फाइलीवर कधी करू नये. परंतु जे परिच्छेद अक्षरशः सारखे असतात, ते एकाखाली एक येऊन उभे राहतात. असे १९ सापडले. फायली जोडताना तेच तुकडे दोनदा चिकटविले गेले होते. ते काढून टाकण्यात काही अवघड नव्हते.

मात्र परिच्छेदाच्या आरंभी एखादा 'तसेच' अधिक पडला, तरी तो भलतीकडे जाऊन बसतो. त्यासाठी परिच्छेदाच्या मध्यातील पाच-सहा शब्द उचलून शोधाच्या चौकटीत घालावे लागतात. अख्खा परिच्छेद त्या चौकटीत मावत नाही. २५५ अक्षरांची मर्यादा आहे. शब्दही सर्वसाधारण नकोत. गावाचे नाव, आडनाव, पोत्यांचा आकडा असे काही हवे. त्यातही आकडा एकीकडे मराठी अंकांत आणि दुसरीकडे इंग्रजी अंकांत असला, की यंत्राला ती दोन वेगळी चिन्हे वाटतात. टंकलेखकाचा मजकूर तर जुन्या पद्धतीच्या फाँटमध्ये होता. डोळ्यांना ती मराठी दिसे, परंतु आत साठविलेली अक्षरे निराळीच असल्याने शोध तेथे आंधळा ठरे. ती पाने युनिकोडमध्ये रूपांतरित करून घेण्यात आठवडा गेला.

त्यानंतर मी 'पेव' हा शब्द शोधला. हरिपूरला जमिनीखालच्या पेवांत हळद साठवीत असत. २००५ च्या महापुरात त्यांतील पुष्कळ पेवे निकामी झाली. तथापि आप्पांचे तारुण्य त्यांच्याच हिशेबात गेले. शब्द ६३ ठिकाणी निघाला. एकेक ठिकाण वाचीत गेलो, तेव्हा एकच प्रसंग तीनदा आल्याचे ध्यानात आले. तिन्ही वेळा शब्द वेगळे असल्यामुळे अकारविल्हे लावलेल्या यादीत ते एकत्र आले नव्हते.

प्रसंग असा. एकाच नावाचे दोन शेतकरी. एकाची बारा पोती दुसऱ्याच्या नावे लिहिली गेली. पेव उघडल्यावर माल कमी भरला, दुकानात आरडाओरड झाली आणि जुने दिवाणजी काम सोडून गेले. टंकलेखकाला सांगितलेल्या मजकुरात ही "दिवाणजींची नजरचूक" होती. भावाने लिहून घेतलेल्या मजकुरात "दुकानाकडून चूक झाली" एवढेच होते. पुतणीने टंकलेल्या पानावर होते : "ती नोंद मी केली होती. मी सोळा वर्षांचा होतो. वडील विचारीत होते, तेव्हा मी वहीकडे पाहत उभा राहिलो."

पुनरुक्ती काढताना आधीचा मजकूर ठेवायचा आणि नंतरचा गाळायचा, असा नियम मी स्वतःपुरता केला होता. त्या नियमाने हेच पान गेले असते. एकोणीस परिच्छेद मी त्याच धडाक्यात गाळले होते, याची तेव्हा धास्ती वाटली. ते सारे पुन्हा काढून ताडून पाहिले.

तिन्ही पाने छापून मी आप्पांसमोर ठेवली आणि कोणते ठेवू, असे विचारले. त्यांनी ती सावकाश वाचली.

"पहिले सांगितले तेव्हा तुझी आई होती," ते म्हणाले. "तिला हे ठाऊक नव्हते." मग चष्मा पुसून म्हणाले, "शेवटचे ठेव."

दिवाणजींचे नातू माधवनगरला असतात. पहिली प्रत टपालाने न धाडता आपण स्वतः नेऊन द्यायची, असे आप्पांनी बजावले आहे. त्यांच्याने जिना उतरवत नाही. खुर्चीत बसवून खाली आणावे लागेल. भावाला मी त्या दिवशी दुकान बंद ठेवायला सांगितले आहे.