जाडी वाढली, नस नाही

कोल्हापुरातल्या एका डोळ्यांच्या दवाखान्यात मी ओसीटीच्या मशीनवर असते. काचबिंदूचे जुने पेशंट हनुवटी टेकवायच्या आधीच विचारतात, "ताई, लाल कमी झालं का बघा." ओसीटीच्या प्रिंटवर डोळ्यातल्या नसेच्या थराची जाडी हिरव्या, पिवळ्या, लाल रंगात छापून येते. काचबिंदूत गेलेली नस परत येत नाही, त्यामुळे लाल कमी व्हायची वाट बघण्यात अर्थ नसतो. तरी एका निवृत्त तलाठीकाकांचं लाल खरोखरच कमी झालं.

त्यांच्या मोतीबिंदूच्या ऑपरेशनमध्येच डॉक्टरांनी दोन आयस्टेंट बसवले होते. एकेक जेमतेम ०.३६ मिलिमीटर लांबीचा, टायटॅनियमचा. डोळ्यातलं पाणी ज्या जाळीतून झिरपून बाहेर पडतं, तिच्यात ते रुतवतात, मग पाण्याला पलीकडच्या श्लेमच्या नळीत सरळ वाट मिळते. दाब २४ वरून १६ वर आला, एक औषध सुटलं. आणि नसेची सरासरी जाडी ६८ ची ७३ मायक्रॉन! मुलाने लगेच प्रिंटचा फोटो काढला. "स्टेंटनं नस वाढली की हो!"

मी दोन्ही प्रिंट शेजारी ठेवून कोपऱ्यातला छोटा आकडा दाखवला. ऑपरेशनआधी सिग्नल दहापैकी ५, आता ९. मोतीबिंदू असताना उजेड धड आत पोचत नव्हता, म्हणून मशीनने थर होता त्याहून पातळ मोजला. नस होती तेवढीच आहे, काच पुसल्यावर नीट दिसली इतकंच. काका हसले. मुलाचा चेहरा मात्र पडला.

स्टेंट जागेवर आहे का, हे बघायला डोळ्याच्या पुढच्या भागाचं ओसीटी काढतो. धातूमागे काळी सावली पडते आणि स्कॅनची रेघ जरा सरकली तर स्टेंट दिसतच नाही. शेवटी डॉक्टर गोनिओस्कोपीची काच लावून कोनातले ते दोन चकचकीत ठिपके स्वतः बघतात. जागा कळली तरी पाणी वाहतंय का, ते दाबावरूनच ठरतं.

नुसत्या दाबावर विसंबणंही बरं नाही. सायपास नावाची नळी दाब छान उतरवायची. पण पाच वर्षांच्या तपासणीत बुबुळावरच्या पारदर्शक पडद्याच्या आतल्या पेशी जास्त गेलेल्या आढळल्या आणि २०१८ मध्ये कंपनीने ती बाजारातून परत घेतली. त्या पेशी पुन्हा तयार होत नाहीत. त्यांची मोजणी स्पेक्युलर मशीनवर काढलेल्या फोटोवरून होते. पेशंटला हा फोटो फालतू खर्च वाटतो. मला तो टाळावासा वाटत नाही.

काकांच्या फाइलवर डॉक्टरांनी 'नवी बेसलाइन' असं लिहिलं. यापुढे तुलना ७३ शी. नजरेच्या फील्डची तपासणीही नव्याने करायची.

"मग जुने रिपोर्ट रद्दीत घालू?" मुलाने विचारलं.

"अजिबात नको. औषध सुरू करायच्या आधी दाब किती होता, ते त्यातच आहे. डॉक्टर दर वेळी तेच पान उघडतात."