घड्याळ कुणाच्या हातात?

आम्ही गारमेंट टेक्नॉलॉजिस्ट आहोत म्हटलं की आपलीच माणसं विचारतात, "म्हणजे टेलर ना?" टेलर असण्यात कमीपणा नाही, पण आमचं काम वेगळं. धुतल्यावर कापड किती आटतं ते मोजायचं, सॅम्पलचं फिटिंग बघायचं, कुठे कुठली शिलाई आणि इंचाला किती टाके ते ठरवायचं. त्यावरून पुढे शिवणाऱ्या बाईचा दिवस ठरतो. म्हणून हा विषय चळवळीचा आहे.

प्रत्येक शिलाईला 'सॅम' असतो, म्हणजे ती करायला लागणारी प्रमाणित मिनिटं. खिसा लावायला ०.५० मिनिट धरलं तर तासाला १२० नगांचं टार्गेट. तेच ०.४५ केलं की १३३. आठ तासांत शंभरावर खिसे वाढले, पगार तोच!

हा आकडा विज्ञानाचा, असं समजून कुणी प्रश्न करत नाही. पण स्टॉपवॉच हातात घेऊन बाईच्या वेगाला रेटिंग देतो तो माणूसच. थकवा, पाणी, लघवी यांसाठी किती टक्के वेळ धरायचा, हेही माणूसच ठरवतो. मग तो माणूस कोण, हे विचारायला नको?

मुंबईच्या गिरण्यांत जास्त पगाराच्या विणखात्यात अस्पृश्यांना प्रवेश नव्हता. धोट्यातला धागा तोंडाने ओढावा लागे, म्हणून विटाळ! १९२८ च्या संपाच्या वेळी बाबासाहेबांनी कामगार पुढाऱ्यांना याचा जाब विचारला. मजुरांच्या एकजुटीत जात लपते, हे त्यांनी दाखवून दिलं.

आज विटाळ कुणी बोलून दाखवत नाही. पण आम्ही काम केलं तिथे लाइनवर आपल्या वस्तीतल्या बायका आणि सॅम्पलिंग रूममध्ये भलतीच आडनावं, हेच पाहिलं. एका कारखान्यात आम्ही थकव्याचा वेळ वाढवा म्हणालो, तर उत्तर आलं, "तुम्हा लोकांना सगळीकडे सवलतच हवी." अहो, ती सवलत सॅमच्या सूत्रातच आहे! आम्ही उपकार मागत नव्हतो, हिशोब मागत होतो.

म्हणून तरुणांनो, शिवणयंत्रावर थांबू नका. पॅटर्न, ग्रेडिंग, वर्क स्टडी शिका. आणि त्या टेबलावर पोहोचलात की सॅमचा हिशोब लाइनवरच्या बाईला समजावून सांगा. ज्याला आपलं टार्गेट कसं निघालं हे कळतं, तोच त्यावर भांडू शकतो. एकट्याने वर जाऊन खालच्यांवर घड्याळ लावणं ही प्रगती नव्हे, ती मुकादमी आहे.

जयभीम!