कॉलर, कफ आणि कस्टम

नाशिकच्या अंबड औद्योगिक वसाहतीत माझं शिवणकामाचं छोटं युनिट आहे. टी-शर्ट आणि शाळांचे गणवेश हे आमचं मुख्य काम. एका शाळेच्या ऑर्डरसाठी हवी तशी पट्ट्यांची रिब कॉलर देशात वेळेत मिळेना, तेव्हा चीनहून माल मागवायचं ठरलं. आयातीसाठी आयईसी, म्हणजे आयात-निर्यात कोड, लागतो. पॅन हाच आता त्याचा क्रमांक असल्यामुळे ते काम पटकन झालं. खरी परीक्षा पुढे होती.

विक्रेत्याच्या कच्च्या बिलात एकच ओळ होती: ‘गारमेंट ॲक्सेसरीज’. आमच्या कस्टम एजंटांनी पैसे पाठवायच्या आधीच नमुने मागून घेतले आणि टेबलावर एकेक वस्तू वेगळी मांडली. होजिअरीची कॉलर आणि कफ कस्टमच्या दरपत्रकातल्या ६११७ या शीर्षकात. तीच कॉलर साध्या कापडाची शिवलेली असती तर ६२१७. भरतकामाचा पॅच ५८१०, विणून काढलेलं लेबल ५८०७, बटणं ९६०६, चेन ९६०७. ‘‘ताई, एका खोक्यात पाच शीर्षकं आहेत. बिलातही ती वेगळीच दिसली पाहिजेत,’’ ते म्हणाले. २०११ पासून मालाचं वर्गीकरण आणि शुल्क आयातदारानेच ठरवून बिल ऑफ एंट्रीत, म्हणजे कस्टमला द्यायच्या आयातीच्या कागदात, जाहीर करायचं असतं. म्हणजे जबाबदारीही आपलीच. आम्ही धाग्याचं प्रमाण, वजन आणि नग लिहून विक्रेत्याकडून बिल नव्याने करून घेतलं.

त्यानंतर मुद्दा आला रंगांचा. काही ॲझो रंगांचं विघटन होऊन बेंझिडीनसारखी कर्करोगकारक अमाइन्स तयार होतात. रंगकारखान्यातल्या कामगारांना मूत्राशयाच्या गाठी होतात, हे लुडविग रेन या जर्मन शल्यचिकित्सकाने १८९५ मध्येच मांडलं होतं. भारताने १९९७ मध्ये पर्यावरण संरक्षण कायद्याखाली अशा रंगांच्या हाताळणीवर बंदी घातली. म्हणून बाहेरून येणाऱ्या कापडी मालासोबत मूळ देशातल्या मान्यताप्राप्त प्रयोगशाळेचं प्रमाणपत्र लागतं. ते नसेल तर इथे नमुना तपासल्याशिवाय माल सुटत नाही.

विक्रेत्याने प्रमाणपत्र पाठवलं, पण ते दुसऱ्याच रंगाच्या लॉटचं निघालं. न्हावा शेवा बंदरात माल अडकला. प्रत्येक रंगाची एकेक कॉलर काढून, पाकिटात सील करून प्रयोगशाळेत गेली. गोदामभाडं चढत होतं, इकडे शाळेचे फोन येत होते. अहवाल निर्दोष आला, माल सुटला, ट्रक कसारा घाट चढून अंबडला पोचला.

भाड्याचा भुर्दंड बसला, तरी त्या तपासणीबद्दल माझी तक्रार नाही. कॉलर मुलाच्या मानेला दिवसभर घासते, घामाने भिजते. माझ्या मशीनवरच्या बायका तीच कॉलर रोज शेकड्याने हाताळतात. छोट्या उद्योजकांना माझं कळकळीचं सांगणं आहे, की दर विचारतानाच लॉट क्रमांकासह रंगाचं प्रमाणपत्र मागा आणि ते वाचून मगच पैसे पाठवा. टाय-पट्ट्यांसारखा आयात केलेला माल थेट दुकानात विकायचा असेल तर पाकिटावर आयातदाराचं नाव-पत्ता, मूळ देश आणि कमाल किंमत हवी, तेही आधीच ठरवून घ्या.

१९९७ ची बंदी देशातल्या रंगाऱ्यांनाही लागू आहे. त्यामुळे आता इथला रंगवलेला माल घेतानाही मी तोच कागद मागते. तो न देणाऱ्याचा माल, कितीही स्वस्त असला तरी, आमच्या युनिटमध्ये येत नाही.