एका रात्रीचे शेजारी

आमच्या लहानपणी डोंबिवलीच्या चाळीत कुणाकडे मुंज असली, की निम्मे पाहुणे शेजारच्या खोल्यांत झोपत. रात्री गाद्या घालून द्यायच्या, पहाटे पाणी तापवून द्यायचे. परवानगी कसली नि भाडे कसले!

परवा ठाण्याला नणंदेच्या मुलाची मुंज झाली. साताऱ्याहून तिच्या सासरची दहा माणसे येणार आणि घर दोन खोल्यांचे. म्हणून तिच्या मोठ्या लेकीने मोबाइलवरून घोडबंदर रोडवरचा एक फ्लॅट दोन रात्रींसाठी घेतला, पैसेही आधीच भरले. पाहुण्यांना पोचवायला मी गेले. रात्रीचे साडेदहा, आणि फाटकात वॉचमन आडवा! "इथं रोजच्या भाड्यानं चालत नाही." मालकाचा फोन लागेना. कडेवरचे पोर रडायला लागले, आत्याबाई बॅगेवरच टेकल्या. शेवटी सोसायटीच्या सेक्रेटरीबाई खाली आल्या. मी पदर खोचूनच पुढे झाले. त्या म्हणाल्या, "अहो, आज राहू देते तुम्हांला. पण दर शनिवारी नवी माणसं येतात हो. माझी मुलगी रात्री क्लासहून एकटी येते. लिफ्टमध्ये कोण असेल, सांगता येतं का?"

मला उत्तर सुचले नाही. कारण सासूबाईंची कल्याणला पारनाक्याजवळची रिकामी जागा अशीच रोजावर द्यायचे आमच्याही मनात शिजत होते.

घरी येऊन नियम पाहिले. १९९९ च्या महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायद्याप्रमाणे करार लेखी आणि नोंदलेला हवा. ती जबाबदारी मालकाची. चुकल्यास तीन महिन्यांपर्यंत कैद, ५,००० रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. शिवाय भाडेकरूची माहिती पोलिसांना द्यायची, ते वेगळेच. पण हे सारे महिनोन्महिने राहणाऱ्यांना डोळ्यांपुढे ठेवून केलेले. एका रात्रीच्या पाहुण्याचा करार कोण नोंदवायला जाणार? परदेशी पाहुणा असेल तर चोवीस तासांत कळवावे लागते. आपल्या साताऱ्याच्या आत्याबाईंचा कायदा मात्र फाटकातला वॉचमन!

न्यूयॉर्कने सप्टेंबर २०२३ पासून नोंदणी सक्तीची केली. तीस दिवसांहून कमी मुदतीसाठी द्यायचे तर मालक स्वतः घरात हवा आणि पाहुणे दोनच. बार्सिलोनाने तर २०२८ अखेर असे दहा हजारांवर परवाने संपवायचे ठरवले आहे, कारण गावातल्याच लोकांना भाडी परवडेनाशी झाली. मला बाई न्यूयॉर्कचे पटते. मालकीण घरात असली म्हणजे पाहुण्याला पाहुण्यासारखे वागावेच लागते! आपल्याकडची 'निवास व न्याहारी' योजनाही त्याच जातीची. घरची बाई नसेल तर न्याहारी करणार कोण?

आम्ही रोजावरचा बेत सोडला. 'हे' थोडे हळहळले, हिशेबात पैसे कमीच येतात. कल्याणची जागा दोन नर्सबाईंना अकरा महिन्यांच्या नोंदलेल्या करारावर दिली. सासूबाईंनी एका कपाटाची किल्ली तेवढी स्वतःकडे ठेवली आहे. त्यात त्यांची पितळी भांडी आहेत.