पडलेल्यांचा हिशेब

घोडा म्हटले की आम्हा बेळगावकरांच्या डोळ्यांसमोर येते ती वैशाखातली शिवजयंती. रात्री निघणारी चित्ररथांची मिरवणूक आणि फेटा बांधून घोड्यावर ऐटीत बसलेला मावळा! लहानपणापासून मला त्या मावळ्याचा हेवा वाटे. पी. यू. सी.च्या पहिल्या वर्षाची परीक्षा संपली आणि आमच्या गल्लीच्या मंडळाने तो मान मला दिला. घोड्यावर बसता येते का, हे कुणी विचारले नाही. येत नाही, हे मीही सांगितले नाही.

घोडा भाड्याचा, लग्नाच्या वरातीतला. लगाम धरून चालणारा पोरगा माझ्याच वयाचा. त्याने दोनदा बजावले, "दादा, लगाम मीच धरतो की. गर्दी आहे, फटाके आहेत." पण रस्त्याच्या कडेला माझे मित्र उभे होते. दुसऱ्याने लगाम धरलेला मावळा कुठे असतो का? मी खेकसलो, "सोड रे!" त्याने सोडला.

दहा पावले गेलो नसू, तोच फटाक्यांची माळ लागली. घोडा बिथरला, पुढचे पाय उचलून उभा राहिला. माझी मांड सुटली आणि मी डाव्या हातावर आदळलो. मला बाजूला ओढायला तो पोरगा धावला. घोड्याची टाप नेमकी त्याच्या पायावर पडली.

माझ्या मनगटाला सहा आठवडे प्लास्टर होते. घरी विचारपूस करणाऱ्यांची रीघ लागली. आईने पंधरा दिवस शिवणाचे मशीन उघडले नाही. बाबांनी सोसायटीतून कर्ज काढले. मी मात्र मित्रांना पराक्रम रंगवून सांगत होतो. महिन्याभराने घोडेवाले चाचा भेटले. त्या पोराच्या पावलाची दोन हाडे मोडली होती. ऐन लगीनसराई त्याने अंथरुणावर काढली. जितक्या वराती चालायच्या तितकीच त्याची मजुरी. चालणे थांबले, पैसेही थांबले. वर गल्लीत सगळे म्हणत होते, "पोराने लगाम सोडला म्हणून झाले." मी ऐकत होतो आणि गप्प होतो.

गेल्या वर्षी मानसशास्त्राच्या तासाला सरांनी एक गंमत सांगितली. इंग्लंडमधल्या सरकारी अंमली पदार्थ सल्लागार समितीचे अध्यक्ष डेव्हिड नट यांनी २००९ साली एका वैद्यकीय नियतकालिकात 'इक्वसी' नावाच्या व्यसनाचे वर्णन केले. हे व्यसन म्हणजे चक्क घोडेस्वारी! त्यांच्या हिशेबाने सुमारे ३५० वेळा स्वारी केली की एक गंभीर इजा होते. एक्स्टसी या मादक गोळीच्या बाबतीत हेच प्रमाण १०,०००त एक. गोळ्या खुशाल घ्या, असे त्यांना म्हणायचे नव्हते. प्रतिष्ठित धोक्याला एक तराजू आणि बदनाम धोक्याला दुसरा का, हा त्यांचा प्रश्न होता. गृहमंत्र्यांनी त्यांची जाहीर कानउघाडणी केली.

वर्ग हसला, मला हसू आले नाही. पडद्यावर सुपरमॅन झालेला क्रिस्टोफर रीव्ह १९९५ साली स्पर्धेत घोड्यावरून पडला आणि मानेखाली लुळा झाला. २००४ साली मरेपर्यंत त्याला श्वासासाठी यंत्राचा आणि बाकी सगळ्यासाठी माणसांचा आधार लागला. तो तर सराव केलेला स्वार होता. पडतो एकटा स्वार, पण त्याचा भार वाहायला किती खांदे लागतात! तिकडे निदान या इजांची मोजदाद तरी होते. आमच्या मिरवणुकीत जखमी किती झाले, असे विचारले असते तर सर्वांनी 'एक' असेच सांगितले असते. तो एक म्हणजे मी. लगाम धरणारा त्या मोजणीत नव्हताच.

यंदा मंडळाच्या बैठकीत मी उभा राहिलो आणि घडले ते सांगितले. घोड्याजवळ फटाके नकोत, बसता येणाऱ्यालाच बसवावे, फेट्याखाली शिरस्त्राण असावे आणि लगाम धरणाऱ्याच्या औषधपाण्याची व बुडालेल्या मजुरीची जबाबदारी मंडळाने घ्यावी, एवढे मागितले. पहिल्या तीन गोष्टींना लगेच होकार मिळाला. चौथीवर बराच वेळ कुणी बोलले नाही. शेवटी "पुढच्या बैठकीत पाहू" असे ठरले.

त्या पोराकडेही जाऊन आलो. तो आता थोडा लंगडत चालतो. घोडा मात्र त्याच्याच हाती असतो. मी म्हणालो, "चूक माझी होती. तू लगाम सोडला नव्हतास, मी सोडायला लावला." तो घोड्याला खरारा करीत होता. हात न थांबवता म्हणाला, "मला माहीत आहे की, दादा. तेव्हा सांगायला पाहिजे होतं."