आजीच्या पेटीतला कागद

माझ्याजवळ एक जुनी चिकटवही आहे. तिच्या पुठ्ठ्याचे कोपरे झिजले आहेत. शिवण दोनदा उसवली आणि दोनदा मी ती पुन्हा घातली. घरी येणारी मुले ही वही आवडीने चाळतात. तिच्यातील आगगाडीचे इंजिन, पोळ्याचे बैल आणि आकाशकंदील पाहून ती खुलतात. परंतु एका पानापाशी आली, की हमखास थांबतात. त्या पानावर चित्र नाही. तळहाताएवढा, जाडसर, करड्या रंगाचा एक कागद तेवढा तेथे चिकटविलेला आहे. "हे पान अपुरे राहिले का?" असे मुले विचारतात. ते पान अपुरे नाही. त्याचीच हकीकत आज मी सांगणार आहे.

ही गोष्ट १९७१ सालची. मी तेव्हा बडनेऱ्याच्या शाळेत सहाव्या इयत्तेत शिकत होतो. बडनेरा हे मुंबई-नागपूर लोहमार्गावरील जंक्शन. अमरावतीचा फाटा येथूनच फुटतो. दिवाळी आटोपली, की आमच्या गावावर पांढरा रंग चढे. कापसाने भरलेल्या बंड्या रांगेने जात आणि वाटेवरच्या बाभळींच्या काट्यांना कापसाचे पुंजके अडकून राहत. गावात त्या वेळी कापडगिरणी चालू होती. तिचा भोंगा हेच आमचे घड्याळ होते.

त्या हिवाळ्यात चित्रकलेच्या गुरुजींनी आम्हांला एक काम दिले. प्रत्येकाने 'आमचे गाव' ह्या विषयावर चिकटवहीचे एक पान सजवावयाचे. अट मात्र अशी होती, की रंग आणि कुंचला यांना हात लावावयाचा नाही. सारे चित्र कागद कापून आणि दुमडून तयार करावयाचे. कागदाची चौघडी करून तिला कोपऱ्यावर अर्धगोल काप दिला, तर उलगडल्यावर चार पाकळ्यांचे फूल कसे मिळते, पंख्यासारख्या चुण्या घातल्या म्हणजे घराचे कौलारू छप्पर कसे होते, हे गुरुजींनी करून दाखविले. मथुरा-वृंदावनाकडील कारागीर 'सांझी' नावाची कला जाणतात. ते कात्रीने कागदात इतकी बारीक नक्षी कोरतात, की तो कागद जमिनीवर ठेवून वरून रंग भुरभुरला असता खाली रांगोळी उमटते, हेही त्यांनी सांगितले. आम्ही थक्क होऊन ऐकत होतो.

माझ्या मनात चित्र तयार झाले. कापसाने भरलेली बंडी, मागे स्थानकाचे छप्पर आणि पुढे कपाशीचे एक मोठे झाड. त्यावर उमललेली पांढरीशुभ्र बोंडे! छप्पर जुन्या वहीच्या पुठ्ठ्याचे झाले, बंडी तपकिरी पाकिटाची झाली. परंतु बोंडे काही केल्या जमेनात. वहीचा पांढरा कागद गुळगुळीत आणि ताठ. तो दुमडला, की त्याची धार उभी राही. त्यात कापसाचा मऊ फुगीरपणा येत नसे. माझ्या काही सोबत्यांनी अमरावतीहून रंगीत झिरझिरीत कागद आणले होते. आमच्या घरी तसल्या कागदासाठी पैसे मागण्याची सोय नव्हती.

तेव्हा मला आजीच्या पेटीची आठवण झाली. त्या पेटीत जुन्या लुगड्याच्या घडीत एक मोठा कोरा कागद जपून ठेवलेला मी पाहिला होता. तो पांढरा होता, पण दुधासारखा नव्हे, कापसासारखा. त्याच्या कडा सरळ कापलेल्या नव्हत्या. त्या तंतूतंतूंनी विरत गेल्या होत्या. कागद कोरा होता, त्यावर एक अक्षरही लिहिलेले नव्हते. मग तो घेतला, तर कोणाचे काय जाणार होते? आजी विहिरीवर गेली असता मी पेटी उघडली.

तो कागद कात्रीखाली कसा वागला, हे मी अजून विसरलो नाही. तो जिकडे दुमडावा तिकडे दुमडे आणि कोठेही तडकत नसे. मी त्याचे लहान गोल कापले, प्रत्येक गोलाची चौघडी केली आणि तिचे टोक बाभळीच्या डिंकाने पानावर टेकविले. घडीच्या कडा बोटाने हलकेच उमलविताच खरोखर बोंड फुटल्यासारखे दिसू लागले. अशी अकरा बोंडे मी केली. उरलेली कात्रणे कागदाच्या पुडीत बांधून दप्तरात टाकली.

गुरुजींनी माझे पान सर्व वर्गाला दाखविले. त्या आनंदात मी धावतच घरी आलो आणि वही आजीच्या पुढे धरली. आजीच्या डोळ्यांत मोतीबिंदू उतरू लागला होता. म्हणून ती वस्तू डोळ्यांपेक्षा बोटांनी अधिक पाही. तिने छपरावरून बोट फिरविले, बंडीवरून फिरविले. बोंडांवर आल्यावर तिचे बोट थांबले. तिने ते बोंड अंगठा आणि तर्जनी यांत हळूच धरले.

"हा कागद कुठी भेटला रे तुले?" तिने विचारले.

"शाळेत भेटला," मी म्हणालो.

आजी काही बोलली नाही. रात्री जेवणे झाल्यावर कंदिलाच्या उजेडात तिने पेटी उघडली. लुगड्याची घडी उलगडली, पुन्हा नीट घातली आणि पेटी लावून ती बराच वेळ तेथेच बसून राहिली. मी पांघरुणातून पाहत होतो. तिने मला रागे भरले असते, तर मला झोप लागली असती. परंतु ती गप्प होती, आणि माझे खोटे बोलणे त्या अंधाऱ्या खोलीत एकटेच जागे होते. शेवटी मी उठलो आणि तिच्या मांडीवर डोके ठेवून सर्व सांगितले.

"तुह्या आबाजीच्या हातचा पयला कागद होता थो," आजी म्हणाली.

माझे आजोबा मी जन्मण्यापूर्वीच वारले होते. तरुणपणी ते काही महिने वर्ध्याला मगनवाडीत राहिले होते, ही गोष्ट मला त्या रात्री प्रथमच कळली. १९३४ साली महात्मा गांधींच्या प्रेरणेने अखिल भारत ग्रामोद्योग संघ स्थापन झाला. अर्थशास्त्रज्ञ जे. सी. कुमारप्पा हे त्याचे चिटणीस होते. मगनवाडीत तेलघाणी, मधमाशापालन यांबरोबर हातकागदाचेही शिक्षण दिले जाई. आजोबा तेथे कागद करावयास शिकले. सुती चिंध्या निवडून कुजवावयाच्या, कुटून त्यांचा लगदा करावयाचा, तो पाण्याच्या हौदात कालवावयाचा, मग जाळीची चौकट त्यात बुडवून अलगद वर उचलावयाची. पाणी निथळते आणि जाळीवर तंतूंचा पातळ थर राहतो. तो फडक्यावर उतरवून दाबावयाचा, वाळवावयाचा, खळ लावून गुळगुळीत दगडाने घोटावयाचा, म्हणजे कागद झाला. आजोबांचे पहिले कित्येक ताव फाटले. जो पहिला ताव अखंड उतरला, तो त्यांनी आजीला आणून दिला. आजीला लिहिता येत नव्हते. म्हणून तो कोराच राहिला होता.

हे ऐकताच मी वही ओढली आणि पानावरची बोंडे उपटून काढू लागलो. आजीने माझा हात धरला.

"फाडू नोको, बाबू. कापसाचाच होता थो, कापूसच झाला. कात्रनं फेकून देल्ली काय रे?"

कात्रणे पुडीत होती. दुसऱ्या दिवशी आजीने ती पाण्यात भिजत घातली आणि त्यांत आजोबांच्या जुन्या धोतराची एक बारीक चिरलेली चिंधी टाकली. चार दिवसांनी तिने तो सगळा ऐवज उखळात घातला आणि मुसळ माझ्या हाती दिले. किती कुटावे लागते, हे मला त्या दिवशी कळले! हाताला फोड आले, तरी आजी बोटांनी लगदा चाचपून म्हणे, "अजून." अखेर तो लगदा पाण्यात कालवून आम्ही पिठाच्या चाळणीत धरला. पहिला थर फाटला. दुसराही फाटला. तिसऱ्या वेळी चाळणी दोन्ही बाजूंना हलकेच हलवून मी सरळ वर उचलली, आणि तळहाताएवढा एक ओला कागद चाळणीवर राहिला.

तो वाळला, तेव्हा करडा आणि खडबडीत दिसत होता. आजोबांच्या शुभ्र तावाशी त्याची बरोबरी नव्हती. आजीने तो गालाला लावून पाहिला आणि माझ्या हातात दिला.

"आता हा तुह्या हातचा. कापाचा अशीन त काप, ठेवाचा अशीन त ठेव."

मी कात्री हातात घेतली आणि खाली ठेवली. बोंडांच्या समोरच्या पानावर मी तो कागद तसाच चिकटविला. तोही एकाच कडेने, म्हणजे आजीला तो बोटांत धरता यावा. तेच हे पान.

पुढे मी शिक्षक झालो, तेव्हा हातकागदाविषयी जेथे मिळेल तेथे वाचले. चीनमध्ये इ. स. १०५ च्या सुमारास त्साय लुन नावाच्या अधिकाऱ्याने साली, चिंध्या आणि जुनी जाळी कुटून कागद करण्याची रीत बादशहाला सादर केली, अशी तेथील नोंद आहे. आपल्याकडे दौलताबादजवळ कागजीपुरा हे गाव कागदाच्या धंद्यावरच वसले. जुन्नरचा कागदही नावाजलेला होता. १९४० साली पुण्यात हातकागद संस्था निघाली. आजोबांचा कागद सर्व बाजूंनी सारखा का दुमडे, हेही मला उमगले. यंत्रावरच्या कागदात बहुतेक तंतू एकाच दिशेने झोपतात. वर्तमानपत्राचा तुकडा एकदा उभा आणि एकदा आडवा फाडून पाहा. एकीकडे तो सरळ फाटेल, दुसरीकडे वेडावाकडा. हातकागदाची चौकट मात्र कारागीर दोन्ही बाजूंना हलवितो. त्यामुळे तंतू एकमेकांत चोहोबाजूंनी गुंततात. ती पकड कारागिराच्या मनगटाने दिलेली असते.

मुख्याध्यापक असताना मी शाळेत एक प्रघात पाडला. चिकटवहीचे पान सजविण्यापूर्वी सहावीच्या मुलांनी रद्दी भिजवून, कुटून, चाळणीवर निदान एक कागद स्वतः करावयाचा. मुले चिखलाने माखत, हसत, कंटाळत. पण ज्यांनी कागद केला, ती कात्री घाईने चालवीत नसत. वर्ग सुटल्यावर खोलीत कात्रणांचा केर दिसत नसे. ती पुन्हा भिजविण्यासाठी मुले गोळा करून ठेवीत.

एकदा एक मुलगी आपला वाळलेला कागद खिडकीच्या उजेडापुढे धरून उभी होती. बाकीच्यांची फुले कापून झाली होती. "काय पाहतेस, बाळ?" मी विचारले. ती म्हणाली, "सर, कुठून कापू ते पाहत आहे. सगळीकडे माझेच हात दिसत आहेत."

मी तिला घाई केली नाही. आजी असती, तर तिने तो कागद हातात घेऊन गालाला लावला असता.